रवंथमामांचे नवे दात आणि यंदाचा गहू

माझ्या मामांचं आयुष्य गहू चघळण्यात गेलं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, त्यांना पगारच त्याचा मिळायचा.

पिठाच्या गिरणीत गाडी आली की पोत्यांत टोकदार नळी खुपसून मूठभर गहू काढायचा. त्यातले तीस दाणे मोजून तोंडात टाकायचे आणि मनातल्या मनात एकशेवीसपर्यंत आकडे मोजत चावायचे. पिठूळ भाग गिळून टाकायचा. मग जिभेवर एक चिवट गोळा उरतो, त्याला मामा डिंक म्हणत. तो दोन बोटांत धरून ताणायचा. लांब ताणला आणि सोडल्यावर मागे आला, तर त्या पिठाचा पाव फुगणार. मध्येच तुटला, तर पाव बसणार. विद्या एवढीच, पण एकतीस वर्षं गिरणीत शेवटचा शब्द तिचा होता. नोंदवहीत तारीख, गाडी आणि ओल या रकान्यांनंतर एक शेवटचा रकाना होता, त्याचं नावच 'तोंड'. त्यात मामा तीनपैकी एक शब्द लिहीत: धरतो, बरा किंवा सुटतो. त्याखाली सही.

दिवसभर जबडा चालू असल्यामुळे गिरणीतले लोक त्यांना रवंथमामा म्हणत. मामींना हे नाव फार आवडायचं. "आमचं लग्न ठरलं तेव्हा आईनं विचारलं, मुलाचं खाणंपिणं कसं आहे? मी म्हटलं, थांबतच नाही," असं त्या येईल त्या पाहुण्याला सांगत. मामा शेजारी बसून ऐकत आणि चघळत.

आता माझं सांगते. मी धान्याच्या रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि मामांनी मालकांकडे शब्द टाकून मला गिरणीच्या लॅबमध्ये चिकटवलं. लॅब म्हणजे चाळण्यांच्या वरची एक खोली. खाली चाळण्या सुरू झाल्या की टेबल थरथरायचं, म्हणून त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. मी रुजू झाले त्याच महिन्यात मालकांनी एक मशीन आणलं. वरून गहू ओतायचा, झाकण लावायचं, चाळीस सेकंदांत चिठ्ठी बाहेर येते: प्रथिन इतके टक्के. ते चालवायला मला बसवलं. म्हणजे मामांनी जिला नोकरी लावली, तीच मामांच्या जागेवर बसायची तयारी करत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मामा बोलणार कुणाला? ते मशीनला 'कपाट' म्हणायचे आणि त्यावर चहाचा कप ठेवायचे. मी कप उचलायचे, ते पुन्हा ठेवायचे.

पण खरं सांगायचं तर दोन वर्षं दोघांचं छान जमलं. कपाटानं बारा-साडेबारा म्हटलं की मामा 'धरतो' लिहीत, दहा म्हटलं की 'सुटतो'. मला वाटायचं की मामा म्हणजे जरा हळू चालणारं, चहा पिणारं कपाट. तोंडावर कधी बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसत असणार.

दिवसाला दोन-तीन गाड्या, गाडीला तीस दाणे, अशी एकतीस वर्षं. गहू तर दळला गेलाच, त्याच्यासोबत मामांचे दातही दळले गेले. थंडीत उरलेले पाच काढले. हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत मामा दोन महिने घरी होते. तेवढ्या काळात त्यांनी घरातले जे नळ गळत नव्हते ते सगळे दुरुस्त केले. तेव्हापासून ते गळतात. मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दात नसले तरी चालतील गं, पण या माणसाला काम पाहिजे. नाहीतर पुढचा नंबर गॅसच्या शेगडीचा आहे."

मामा कामावर परतण्याच्या आदल्या दिवशी मालकांनी त्यांना बोलावलं. मालक चहात बिस्किट बुडवत होते. त्यांची एक लकब होती, बिस्किट पार मऊ होऊन गळायला आलं की मगच ते तोंडात घालत. "मामा," ते म्हणाले, "हा हंगाम बघू. तुमचं आणि मशीनचं जमलं तर उत्तमच. नाही जमलं, तर तुम्ही आता आराम करा." आराम हा शब्द ते इतक्या मायेनं म्हणाले की मामांना तिथेच घाम फुटला.

घाम फुटायला दुसरंही कारण होतं. त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. गव्हाचा दाणा अजून चिकात होता, भरायला लागला होता, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात झळा सुरू झाल्या. दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. लॅबमधला पंखा एका कोपऱ्यातली गरम हवा दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. उकाड्यानं आपलं काय होतंय यावर गिरणीत रोज चर्चा व्हायची. गव्हाचं काय होत असेल हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही, आणि त्यातल्या एकीनं त्याच विषयात पदवी घेतली होती.

मामा कामावर परतल्यावर आलेली पहिलीच गाडी नव्या गव्हाची होती. मामांनी दाणे तळहातावर घेतले. "बारीक आहे गं दाणा. सुरकुतलाय."

मी कपाटात गहू ओतला. चिठ्ठी आली: चौदा पूर्णांक दोन. कपाटानं तेराचा आकडा कधी ओलांडला नव्हता. मी चिठ्ठी झेंड्यासारखी धरून मालकांकडे धावले. परत आले तेव्हा मामा अजून चघळत होते, बेसिनकडे तोंड करून. एकशेवीस केव्हाच होऊन गेले असणार.

"काय मामा?"

"धरतो," ते म्हणाले, आणि तसं लिहून सही केली.

खरं काय झालं होतं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांच्या बोटांवर डिंक आलाच नव्हता. आला तो लगदा, ओल्या कागदासारखा, ताणायच्या आधीच सुटलेला. त्यांनी आणखी तीस दाणे घेतले, पुन्हा लगदा. तिकडे कपाट चौदा म्हणत होतं, भाची नाचत होती, आणि आराम शब्द अजून कानात होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तोंडात एक असताना वहीत दुसरं लिहिलं.

एकदा लिहिलं की दुसऱ्या गाडीला कमी त्रास होतो. मामा रोज चघळत, रोज बेसिनकडे वळत आणि रोज 'धरतो' लिहीत. संध्याकाळी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जात. मला सांगत, कवळी टोचते. मला खरंच वाटायचं. मामी म्हणत, "एवढं घासून घेतलंय, आता नुसतं हसू उरेल."

त्या महिन्यात गिरणीसमोरच्या बेकरीवाल्याचे पाव बसले. बसले म्हणजे चपलेच्या तळव्याएवढे चपटे झाले. कणीक हाताला चिकटायची, साच्यात पसरायची आणि भट्टीत गेली की हार मानायची. त्यानं आधी पाण्याला दोष दिला, मग भट्टीला, मग यीस्टला. यीस्ट त्याला त्याचा मेव्हणा आणून द्यायचा, म्हणून त्यानं मेव्हण्याशी बोलणं टाकलं. एक दिवस तो चपटा पाव घेऊन लॅबमध्ये आला.

"मामा, पीठ तर ठीक आहे ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. "चौदा टक्के, काका. याच्याहून चांगलं पीठ तुम्हाला मिळायचं नाही."

तो बिचारा ओशाळून निघून गेला. मामांनी तो पाव टेबलावरून उचलला, दाबून पाहिला आणि खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आकडे बघून मालकांना चेव आला. एका व्यापाऱ्याच्या गोदामात यंदाचा गहू भरलेला होता, गिरणीला वर्षभर पुरेल इतका. शनिवारी त्या सगळ्याचा करार करायचा ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी मामा पुन्हा दाताच्या दवाखान्यात निघाले, पाचव्यांदा. मागच्या वेळी तिथल्या एसीनं त्यांना सर्दी झाली होती, म्हणून मामींनी एवढ्या उकाड्यात त्यांच्या हातात थंडीतला कोट दिला आणि पाळत ठेवायला मला सोबत धाडलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. "पुन्हा टोचतेय का, काका?"

"टोचत नाही. जेवण उत्तम जातं."

"मग?"

"काम होत नाही."

बाईंनी हातातली कानस खाली ठेवली. "माझ्याकडे बडे बडे लोक कवळ्या बसवून जातात. पण दातांचं दुसरं काम असतं असं सांगणारे तुम्हीच पहिले."

मामांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. तीस दाणे मोजले, तोंडात टाकले आणि डोळे मिटले. एकशेवीस आकडे म्हणजे किती वेळ, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर एक पेशंट गाल धरून कण्हत होता. मग मामांनी लगदा बोटांवर काढून पुढे धरला.

"हे बघा. इथे डिंक यायला पाहिजे. एकतीस वर्षं आला. तुमचे दात आले आणि बंद झाला."

"पण मामा," मी म्हणाले, "तुम्ही तर रोज धरतो लिहिताय."

मामा माझ्याकडे बघेनात. "काय लिहू मग? तुझं कपाट चौदा म्हणतंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणू? या वयात?"

बाईंना हा आपल्या कवळीचा अपमान वाटला असावा. "द्या इकडे ते गहू," त्या म्हणाल्या. "माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत." त्यांनी हातमोजे काढले, तीस दाणे घेतले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत चावायला लागल्या. बाहेरच्या पेशंटनं दार किलकिलं करून आत पाहिलं. डॉक्टर काहीतरी खात होत्या. त्यानं दार पुन्हा लावलं.

बाईंच्या बोटांवरही लगदाच आला.

"आता माझेही काढायचे का?" त्या म्हणाल्या.

मग थंडी वाजली म्हणून असेल किंवा सवयीनं असेल, मामांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. बाहेर आला तो चिमूटभर दाणे, कोटाची लोकर आणि एक चोळामोळा झालेलं बसचं तिकीट घेऊन. थंडीपासून तो कोट कुणी झटकला नव्हता.

"हा गेल्या वर्षीचा," मामा म्हणाले.

त्यांनी फुंकर मारून लोकर उडवली. दाणे बावीसच भरले. त्यांनी चावायला सुरुवात केली आणि मी त्यांच्याबरोबर मोठ्यानं आकडे मोजायला लागले, बाईही मोजायला लागल्या. शंभराच्या आतच मामांचा जबडा थांबला. त्यांनी बोटांनी गोळा काढला आणि ताणला. तो ताणला गेला, बोटभर. सोडला, तर मागे आला. पुन्हा ताणला, पुन्हा मागे आला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दात चांगले आहेत हो, बाई," ते म्हणाले.

"पाच वेळा मी तेच सांगतेय," बाई म्हणाल्या.

नाचणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. अंगण खरोखरच वाकडं होतं. पण मामांचा आनंद दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकला. खाली रस्त्यावर ते उभे राहिले. "त्रेचाळीस," ते म्हणाले. "त्रेचाळीस गाड्यांवर सही केलीय मी."

मला स्वतःचाच राग आला होता. जुना नमुना शेजारी ठेवून तपासायचं, हे कॉलेजात मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी मात्र कपाटाशेजारी गर्दी नको म्हणून गेल्या वर्षीच्या नमुन्यांचे डबे अडगळीच्या खोलीत टाकले होते. एकाला वाटलं, दात नवे म्हणून आपण चुकतोय. दुसरीला वाटलं, मशीन नवं म्हणून ते बरोबर आहे. गव्हाला विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

घरी मी मामा-मामींना समोर बसवून सांगितलं. दाणा भरताना फार उकाडा झाला की त्यात पिष्ट भरणं आधी बंद पडतं. दाणा बारीक राहतो. प्रथिन त्यामानानं कमी घटतं, म्हणून टक्केवारीत ते जास्त दिसतं. पण ते चांगलं असतंच असं नाही. गव्हात दोन मुख्य प्रथिनं असतात, एक कणकेला ताण देतं आणि दुसरं तिला पसरू देतं. ताण देणाऱ्याच्या लांबच लांब साखळ्या व्हाव्या लागतात. उकाड्यात त्या नीट जुळत नाहीत, आखूड राहतात. पसरणारं मात्र होतं तसंच राहतं.

मामींनी विणकाम खाली ठेवलं. "म्हणजे लोकर वजनात भरपूर, पण सगळी बोटबोटभर तुकड्यांची. कर आता स्वेटर."

पदवीच्या अख्ख्या अभ्यासात हे मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

"उद्या मालकांना सांगायला पाहिजे," मामा म्हणाले.

"मग घरी बसवतील तुम्हाला," मी म्हणाले.

मामींनी एकदा गळत्या नळाकडे पाहिलं आणि एकदा मामांकडे. "बसवू देत," त्या म्हणाल्या. "शेगडीचं माझं मी बघेन."

शनिवारी आम्ही दोन बशा घेऊन मालकांच्या खोलीत गेलो. एकीत गेल्या वर्षीचा गहू, अडगळीतून काढलेला, आणि दुसरीत यंदाचा. व्यापारी पेन उघडून बसलेला होता.

"साहेब, हा गहू पावाला चालायचा नाही," मामा म्हणाले.

मालकांनी चिठ्ठ्या आणि वही पुढे ओढली. "चौदा टक्के. आणि खाली तुमची सही. धरतो, धरतो, धरतो."

"त्या सह्या खोट्या आहेत."

मालकांनी चष्मा काढला. "मग आज तुम्ही बोलताय ते खरं कशावरून?"

एकतीस वर्षांत मामांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि विचारायची सोय त्यांनीच करून दिली होती.

"मशीन काय खोटं बोलतं का?" व्यापारी म्हणाला.

"मशीन खरंच बोलतं," मी म्हणाले. "पण जेवढं विचारलं तेवढंच. किती ते सांगतं, कसलं ते सांगत नाही. तुम्ही स्वतः चावून बघा." आणि मी व्यापाऱ्याच्या हातावर तीस दाणे ठेवले. दुसरे तीस मी स्वतः घेतले, कारण इतकी वर्षं मामांच्या शेजारी बसून मी एकदाही चावले नव्हते. व्यापाऱ्यानं चाळीसपर्यंत कसंबसं चावलं, त्याला ठसका लागला आणि त्यानं सगळं गिळून टाकलं. माझ्या बोटांवर लगदा आला. मालक म्हणाले, "तू त्यांची भाची. तुझं काय धरायचं?"

"मग साहेब, तुम्हीच," मामा म्हणाले.

मालक खुर्चीत मागे सरकले. "मला कडक खायची मनाई आहे."

"तीसच दाणे."

मालकांनी खूप वेळ बशीकडे पाहिलं. मग ते खिडकीकडे वळले, आमच्याकडे पाठ करून दाणे तोंडात टाकले आणि चावायला लागले. दहा-बारा आकडे झाले असतील तोच एक आवाज आला. टक्. अगदी बारीक. महिनाभर मामांच्या कवळीचा तोच आवाज मी रोज लॅबमध्ये ऐकत होते. मालकांची मान ताठ झाली. त्यांची ती चहात विरघळणारी बिस्किटं माझ्या डोळ्यांसमोर आली.

मामांनीही ऐकला होता. आत्ता खोलीत त्यांच्या हातात हुकमाचा पत्ता होता. त्यांनी व्यापाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, आपण बाहेर थांबू," ते म्हणाले. "चघळताना माणसाला जरा एकांत लागतो. मलाही लागतो." आणि त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढून दार ओढून घेतलं. एवढे सज्जन माझे मामा आहेत हे मला आधी ठाऊक नव्हतं.

पंधरा मिनिटं आतून काही आवाज नाही. मग नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला. दार उघडलं तेव्हा मालकांच्या हातात एक बशी होती. तिच्या एका बाजूला लगदा आणि दुसऱ्या बाजूला मसूराएवढा चकचकीत डिंक. ते त्याला बोटानं दाबून बघत होते. त्यांचे आजोबा गिरणी चालवत, वडील चालवत, पण ही गंमत त्यांनी पहिल्यांदाच केली असावी.

"करार आज नाही," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "जुन्या गव्हात यंदाचा किती मिसळला तर चालतो ते मामा आधी ठरवतील. मग किती घ्यायचा ते बोलू."

व्यापाऱ्यानं पेन मिटलं. मालक मामांकडे वळले. "आणि त्या त्रेचाळीस सह्या?"

"म्हणाल त्या दिवशी आराम करीन," मामा म्हणाले.

"आराम मागाहून. आधी त्या दुरुस्त करा." मग मालकांनी आवाज खाली आणला. मी बशा उचलत होते, म्हणून मला ऐकू आलं. "मामा, सुरुवातीला तुमचीही सरकायची का?"

"सरकायची, साहेब. जीभ वर लावून धरायची, साधारण साठपर्यंत. मग बसते."

गिरणीतून मामा आधी समोरच्या बेकरीत गेले आणि बेकरीवाल्याला म्हणाले, पीठ खराब होतं, चूक माझी, मेव्हण्याला बोलावून घे. बेकरीवाल्यानं मामांना पुष्कळ सुनावलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

मग लॅबमध्ये येऊन त्यांनी वही उघडली. चाळण्या चालू होत्या, टेबल थरथरत होतं, तरी त्यांनी पट्टी लावून त्रेचाळीस वेळा 'धरतो' वर सरळ रेघ मारली आणि शेजारी त्रेचाळीस वेळा 'सुटतो' लिहिलं. पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली: तोंड बरोबर होतं, लिहिणारा घाबरला. त्याखाली सही केली.

मी कपाटावरचा चहाचा कप जिथे होता तिथेच राहू दिला, वही माझ्याकडे ओढली आणि त्या ओळीखाली माझीही सही केली.